कामाची वाक्ये

आमच्या मालेगावात पहाटेपासून यंत्रमागांचा खडखडाट सुरू होतो. माझे अब्बा यंत्रमागावर काम करीत. अम्मी घरी बसून कांड्या भरत असे. घरात उर्दू, बाजारात मराठी आणि दप्तरात इंग्रजी अशा तीन भाषा मला लहानपणीच भेटल्या. पहिल्या दोन सवयीच्या होत्या. इंग्रजीची मात्र भीती वाटे. शब्दांचे अर्थ पाठ होत. पण ते शब्द कुठे वापरायचे, हे समजत नसे.

२००६ साली मी नववीत होतो. त्या वर्षी अब्बांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करावी लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. ती मुंबईला होणार होती. मालेगावला रेल्वे नाही. एसटीने मनमाडला जायचे आणि तेथून आगगाडी पकडायची. मोठा भाऊ नव्हता. म्हणून अब्बांसोबत मीच जाणार होतो. अम्मी दर आठवड्याच्या पगारातून थोडे पैसे पोस्टात ठेवत असे. औषधे, जेवण आणि प्रवास हे सारे त्याच पैशांत भागवायचे होते.

आमच्या इंग्रजीच्या सरांना हे कळले. त्यांनी मला एक लहान वही दिली आणि म्हणाले, "बेटा, रोज पाच वाक्ये लिही. पण नुसता अर्थ लिहू नकोस. ते वाक्य कोण बोलतो, कुठे बोलतो आणि कशासाठी बोलतो, तेही लिही."

पहिली वाक्ये पोस्टातली होती. 'आय वॉन्ट टू विथड्रॉ फाइव्ह हंड्रेड रुपीज', म्हणजे मला पाचशे रुपये काढायचे आहेत. मग मी अम्मीचे पासबुक उघडले. 'डिपॉझिट' म्हणजे जमा आणि 'बॅलन्स' म्हणजे बाकी. जमा आणि बाकी हे शब्द तर मराठीत आहेत आणि आपल्या उर्दूतही आहेत! परके वाटणारे पासबुक एकदम ओळखीचे वाटू लागले.

एके दिवशी सरांनी सांगितले, "लिही, 'सेव्ह फॉर अ रेनी डे'." मला नवल वाटले. पावसाच्या दिवसासाठी बचत कशाला? आपल्याकडे तर पाऊस आला की शेतकरी आनंदतो. सर हसून म्हणाले, "इंग्रजीत पावसाचा दिवस म्हणजे अडचणीचा दिवस. वाक्यातला एकेक शब्द सुटा करून पाहिलास, तर अर्थ हाती लागणार नाही." मला अम्मीचे पासबुक आठवले. तिला इंग्रजी येत नव्हते. पण हे वाक्य ती कितीतरी वर्षे जगत होती.

दुसरे वाक्य होते, 'कट युअर कोट अकॉर्डिंग टू युअर क्लॉथ'. कापड असेल तेवढाच कोट बेतावा. ते ऐकताच अम्मी म्हणाली, "म्हणजे चादर पाहून पाय पसरावेत." मराठीत त्यालाच 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' असे म्हणतात. कुठे कोट, कुठे चादर, कुठे अंथरूण; शहाणपण मात्र एकच!

नंतर रेल्वेची वाक्ये आली. पुस्तकात 'फेअर' म्हणजे जत्रा असे मी शिकलो होतो. स्टेशनवर 'फेअर' म्हणजे भाडे. उच्चार सारखा, स्पेलिंग मात्र वेगळे. 'हाऊ मच इज द फेअर?' हे वाक्य मी वहीत लिहिले. त्याच्याखाली सरांनी स्वतःच्या हाताने लिहिले, 'इज देअर एनी कन्सेशन?' म्हणजे काही सवलत आहे का?

मनमाडच्या खिडकीवर मी हा प्रश्न मराठीतच विचारला. तेथील कारकुनांनी समजावून सांगितले, "हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी जाणाऱ्या रुग्णाला आणि त्याच्या एका सोबत्याला भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते. मात्र रुग्णालयाचे ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र आणावे लागते." पहिल्या खेपेला आम्ही पूर्ण भाडे दिले. तपासणी झाल्यावर मुंबईच्या रुग्णालयातून मी तो कागद मागून घेतला. सारा मजकूर इंग्रजीत होता. त्यात 'एस्कॉर्ट' असा एक शब्द होता. एस्कॉर्ट म्हणजे सोबती, म्हणजे मीच! तेथे माझेही नाव भरले आहे ना, हे मी नीट पाहून घेतले. शस्त्रक्रियेसाठी निघालो, तेव्हा शंभर रुपयांच्या जागी पंचवीसच रुपये लागावेत, अशा हिशेबाने दोघांची तिकिटे मिळाली. वाचलेले पैसे अम्मीने औषधांसाठी बाजूला ठेवले.

अब्बा बरे झाले. जड काम करू नका, असे डॉक्टरांनी बजावल्यामुळे त्यांनी पुढे हिशेब लिहिण्याचे हलके काम धरले.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही अशी एक वही करा. आज प्रवासाचे तिकीट मोबाइलवरही काढता येते. पण त्या पडद्यावरही 'फेअर', 'कन्सेशन', 'वेटिंग लिस्ट' हेच शब्द भेटतात. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना पोस्टात स्वतःच्या नावाने बचत खाते उघडता येते. तेथे जा, अर्ज वाचा आणि न समजलेला शब्द विचारा. मग त्याच्यासमोर उर्दू आणि मराठी शब्द लिहा. जो शब्द आपल्या माणसांच्या उपयोगी पडतो, तो कधी विसरला जात नाही.