चोरीची प्रत

गोश्त कुठल्या दुकानातून आणलं, हे आमच्या घरात आजही विचारलं जातं. अब्बांनी तर बँकेच्या व्याजाचा पैसा कधी घरखर्चात मिसळू दिला नाही. पण माझ्या कॉम्प्युटरवरची विंडोज ७ सात वर्षं चोरीची होती आणि त्याचं कुणालाच काही वाटलं नव्हतं. बसवून देणाऱ्या मुलाने एकच ताकीद दिली होती, "अपडेट चालू करू नका, पडदा काळा होईल." ती मी इमानेइतबारे पाळली.

एक दिवस छपाईच्या दुकानातून पेन ड्राइव्ह परत आणला. त्यात अब्बांच्या आठवणी होत्या. त्यांनी सांगितलेल्या, मी टाईप केलेल्या. त्यांचा इंतकाल होऊन चार महिने झाले होते आणि दुसरी प्रत नव्हती. पाहतो तर फोल्डरांच्या जागी नुसते शॉर्टकट! घाबरून एकावर क्लिक केलं आणि व्हायरस कॉम्प्युटरमध्येही शिरला.

भाच्याने त्याच्या उबुंटूच्या लॅपटॉपला पेन ड्राइव्ह लावला. सगळे फोल्डर समोर. व्हायरसने ते पुसले नव्हते, लपवले होते. लपवण्याची विंडोजची ती खूण लिनक्स जुमानत नाही आणि विंडोजसाठी लिहिलेला तो व्हायरस तिथे चालतही नाही.

त्याच आठवड्यात मी उबुंटू घेतलं. फुकट, आणि इतरांना वाटायची मुभा परवान्यातच दिलेली. सवयीचं टायपिंग सॉफ्टवेअर मात्र सुटलं. पन्नाशीत इनस्क्रिप्ट शिकावं लागलं.

"मामू, लिनक्स म्हणजे ताविज नव्हे," भाच्याने बजावलं. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्रायने जगभरचे कॉम्प्युटर कुलूपबंद केले, तेव्हा त्या भगदाडाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली, ते त्यातून वाचले. म्हणजे रीतसर घेतलेली, अपडेट होत राहणारी विंडोजही चालते. अनोळखी प्रोग्रामने पासवर्ड मागितला तर देऊ नये, हे मात्र दोन्हीकडे सारखंच.

चोरीच्या मालाला अपडेटची भीती वाटते, आणि व्हायरसला नेमकं तेच हवं असतं. हराम-हलालचा प्रश्न मी गोश्तापाशीच थांबवला नसता, तर तो चार दिवसांचा जीवघेणा घोर टळला असता.

अब्बांच्या आठवणींच्या आता तीन प्रती आहेत. एक भाच्याकडे अमानत आहे.