रानडुकरासाठी काडतूस

मुसलमानाच्या घरात बंदूक आहे म्हटले की ऐकणाऱ्याची नजर जराशी बदलते. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे मात्र एके काळी तसे नव्हते. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा येण्यापूर्वी या जंगलात परवान्यावर शिकार चाले आणि बंदूकवाला मुसलमान हा गावाच्या ओळखीचा माणूस असे. आमचे दादाजान त्यांतलेच. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातच होते. वेगळा जिल्हा झाला तो १९८२ साली. दादाजानांच्या पश्चात दोन हत्यारे रीतसर परवान्याने अब्बांकडे आली. एक बारा बोअरची दुनळी आणि दुसरी ईशापूरच्या कारखान्याची .३१५ रायफल.

दादाजानांच्या काळी काडतूस निवडण्याचा एक हिशेब असे. चितळ, सांबर मारायचे ते खाण्यासाठी. आपल्याकडच्या बहुतेक हनफी उलेमांच्या मते नुसत्या गोळीने मेलेले जनावर हलाल होत नाही, कारण गोळी धारेने कापत नाही, आघाताने मारते. काही आलिमांचे मत याहून वेगळे आहे. पण आमच्या घरात पहिलेच पाळले जाई. जीव असताना सुरी फिरली पाहिजे, म्हणून बार झाला की एक जण सुरी घेऊन धावत सुटे. जनावर पडावे, पण श्वास उरावा, अशा बेताने काडतूस आणि नेम ठरे.

हा सगळा हिशेब उलटा करण्याची वेळ अब्बांवर आली ती रानडुकरामुळे.

२०१५ साली राज्य शासनाने पिकाची नासाडी करणारे रोही आणि रानडुक्कर परवानगी घेऊन मारता येतील, असा निर्णय काढला. त्यानंतरच्या एका हंगामात, धान लोंबीवर आलेले असताना, शेजारच्या गावचे एक शेतकरी घरी आले. म्हणाले, "काकाजी, बांधीत काही ठेवलं नाही डुकरांनी. जागली करून करून डोळे गेले. अर्ज मी करतो, तुम्ही फक्त या." डुक्कर खाते त्याहून जास्त तुडवते आणि लोळून धान झोपवते. ज्याची वर्षाची बेगमी दोन रात्रींत चिखलात गेली, त्याला नाही म्हणणे सोपे नसते.

आतून फुफीजान म्हणाल्या, "सुवर का नाम लिए तो चालीस दिन जबान नापाक रहती, और तुम मारने निकले?"

अब्बा हसले, पण प्रश्न त्यांनी हसण्यावारी नेला नाही. त्यांचे म्हणणे असे, की डुकराचे मांस हराम आहे म्हणून डुक्कर मारणे पुण्याचे होत नाही. हदीसमध्ये ज्या पाच उपद्रवी जीवांना कुठेही मारायची मुभा सांगितली आहे, त्यांत उंदीर, कावळा, घार, विंचू आणि चावरा कुत्रा येतात. डुक्कर येत नाही. गंमत म्हणजे आपल्या वन्यजीव कायद्याच्या जुन्या पाचव्या अनुसूचीत कावळा, उंदीर, घूस आणि वटवाघूळ हेच उपद्रवी होते. तिथेही रानडुक्कर नव्हते. २०२२च्या दुरुस्तीने ती यादीच गेली आणि रानडुक्कर आज दुसऱ्या अनुसूचीत आहे. म्हणजे दीनच्या बाजूने पाहा की कायद्याच्या, डुकराला मारायला कारण लागते. इथे कारण होते धानाचे. आणि मारायचेच असेल तर नीट मारा, जनावराचे हाल करू नका, ही पैगंबरसाहेबांची शिकवण हलाल जनावरापुरती नाही.

मग काडतूस कोणते? अमेरिकेत शेताची नासाडी करणाऱ्या लहान प्राण्यांसाठी मुद्दाम काडतुसे निघाली आहेत. १९३५ची .२२० स्विफ्ट, १९५०ची .२२२ रेमिंग्टन ही त्यांतली नामांकित. हलकी आणि अतिशय वेगवान गोळी लहानशा अंगात शिरताच फुटते, पलीकडे जात नाही, दगडावर आपटून उसळण्याचा धोकाही कमी. कल्पना शहाणपणाची आहे, पण ती बिळात राहणाऱ्या प्राण्यांसाठी. मोठ्या नर डुकराच्या खांद्यावर चिवट कातड्याची आणि कुर्च्याची जाड ढाल असते. ५५ ग्रेनची, म्हणजे पाव तोळ्याहून थोडी जड अशी गोळी तिथे वरच्यावर फुटायची आणि डुक्कर जखम घेऊन जंगलात जायचे. आपल्याकडची .२२ तर याहून दुबळी, आणि चुकली तर मैलभर जाणारी.

दुनळीसाठी लोक एलजी किंवा एसजी छर्रे सुचवत. बोटांवर मोजता येतील एवढे मोठे छर्रे. पंचवीस-तीस पावलांवर ठीक. त्यापुढे ते पसरतात, अंधारात एखादाच लागतो आणि तोही पोटात. अब्बांनी ते बाजूला ठेवले. उरली .३१५. तिची मऊ टोकाची गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे सव्वा तोळ्याहून जड. वेग बेताचा, पण ढाल फोडून आत रुंद होणारी. खोट एकच, की ती आरपार जाऊ शकते. सपाट बांधीत जमिनीवर उभे राहून ती झाडली तर पलीकडच्या धुऱ्यावर जागलीला बसलेला माणूसही तिच्या वाटेत येऊ शकतो.

म्हणून अब्बांनी काडतुसाबरोबर मचाणही मागितले. उंचावरून खाली झाडलेली गोळी डुकरातून निघाली तरी बांधीच्या चिखलात रुतते. दुसरी अट, पन्नास पावलांच्या आत. तिसरी, वनखात्याचा माणूस सोबत हवा. तिसऱ्या अटीचे कारण ते बोलले नाहीत. जंगलाच्या कडेला, मध्यरात्री, रायफल घेतलेला मुसलमान. आम्हाला ते सांगावे लागले नाही.

दोन रात्री एकही बार झाला नाही. तिसऱ्या रात्री एक झाला. कानामागे लागला आणि डुक्कर जागीच बसले. या वेळी सुरी घेऊन कोणी धावले नाही. परवानगीने मारलेले जनावर सरकारची मालमत्ता असते, त्यामुळे शेजारच्या टोल्यावरच्या ज्या आदिवासी घरांत ते मांस चवीने खाल्ले गेले असते तिथेही ते गेले नाही. पंचनामा करून पुरले. अब्बांनी घरी येऊन गुसल केले आणि फजर पढून झोपले.

अशा मारण्यावर आक्षेप आहेत आणि ते खोटे नाहीत. चंद्रपुरात ५३ रानडुकरे मारली गेली म्हणून २०१६च्या जूनमध्ये तेव्हाच्या केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी उघड टीका केली होती. रानडुक्कर हे वाघाचे भक्ष्य आहे. ते संपले तर वाघ गोठ्याकडे वळेल, हेही खरेच. पण परवानगीचा अर्ज टेबलावर पडून राहिला की शेतकरी काय करतो, तेही पाहिले पाहिजे. तो धुऱ्यावरून उघडी तार नेतो आणि तिच्यात वीज सोडतो. २०१७च्या एप्रिलमध्ये नागभीडकडे अशाच तारेने श्रीनिवास नावाचा वाघ गेला. उमरेड-कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध 'जय'चा तो बछडा. तार डुक्कर, वाघ, बैल आणि माणूस यांत फरक करत नाही.

अब्बांकडे अजून कोणी ना कोणी विचारायला येतो, "डुकरासाठी कोणती गोळी घ्यावी?" ते आधी शेत कुठे, पलीकडे वस्ती आहे का, मचाण बांधायला झाड आहे का, परवानगी हातात आहे का, हे विचारतात. चारही उत्तरे नीट आली तरच .३१५चे नाव घेतात. बहुतेकांना ते सौर कुंपणासाठी अर्ज करायला सांगतात आणि चहा पाजून परत पाठवतात.