आजोबांना प्रदर्शनाला न्यावे का?

‘आजोबांना न्यावे की घरीच ठेवावे?’ हा प्रश्न माझ्या दवाखान्यात वर्षातून दोनदा हमखास येतो: एकदा तालुक्याच्या शालेय क्रीडास्पर्धा सुरू होतात तेव्हा, आणि दुसऱ्यांदा चैत्रातल्या यात्रा जवळ येतात तेव्हा. माझा व्यवसाय माणदेशातला. या कोरड्या मुलखात खिल्लार जनावर हा घराचा अभिमान असतो. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेतील खिल्लारांचा बाजार आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. यात्रेच्या निमित्ताने जनावरांची प्रदर्शनेही भरतात. आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती अशा गटांत खोंड उभे राहतात. कासरा पुष्कळदा एखाद्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती असतो, आणि दोराच्या अलीकडे, डोक्याला पटका गुंडाळून, त्याचे आजोबा उभे असतात.

या आजोबांकडे आपण कधी निरखून पाहिले आहे का? परीक्षक शिंगांची ठेवण, वशिंड, खूर आणि चाल पाहत असताना त्यांचे ओठ हलत असतात. खोंडाने पाऊल चुकवले की इकडे त्यांचा पाय सरकतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत तो कासरा त्यांच्याच हाती होता. आता हाताला कंप आहे, आणि खोंडाने हिसका दिला तर आपण सावरणार नाही, हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही. तरीही जनावराचे दात पाहून वय ओळखण्याची, त्याला चारचौघांत शांत उभे करण्याची विद्या नातवाने त्यांच्याकडूनच घेतलेली असते. तेव्हा ‘घरी बसा, मोबाइलवर व्हिडिओ दाखवू’ असे म्हणताना आपण त्यांचा त्रास वाचवतो की त्यांचे उरलेसुरले काम काढून घेतो, याचा विचार अवश्य करावा. माझे उत्तर बहुतेक वेळा ‘न्या’ असेच असते.

न्यायचे कसे, हे मात्र आधी ठरवावे लागते. एका आजोबांचे हृदय अशक्त होते आणि अंगात पाणी साठू नये म्हणून त्यांना लघवीची गोळी चालू होती. यात्रेच्या चार दिवसांत त्यांनी ती कोणालाही न सांगता बंद ठेवली. पाचव्या रात्री घरच्यांनी त्यांना बसवूनच माझ्याकडे आणले, कारण आडवे होताच श्वास कोंडत होता. दोन्ही पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सुजले होते. ऑक्सिजन लावून त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले, आणि ते वाचले. बरे होऊन आल्यावर मी कारण विचारले, तर म्हणाले, ‘‘मैदानात आडोसा हाय का कुठं, डॉक्टर?’’ सोबत आलेल्या नातवाने मान खाली घातली. त्याच्या खोंडाचा त्या वर्षी दुसरा क्रमांक आला होता.

वाचकहो, आपल्याकडच्या यात्रा आणि सामने यांतील सर्वांत मोठा आरोग्यप्रश्न ऊन किंवा धूळ हा नसून आडोशाचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पुरुष गोळी टाळतात. आजीबाई तर सकाळपासून पाण्याचा घोटही घेत नाहीत. मग दुपारी चक्कर येते, तोल जातो, आणि दोन दिवसांनी लघवीला जळजळ सुरू होते. म्हणून निघण्यापूर्वी स्वच्छतागृह कोठे आहे याची चौकशी करावी; जवळच्या एखाद्या ओळखीच्या घरी सांगून ठेवले तरी पुष्कळ काम होते. लघवीच्या गोळीची वेळ त्या दिवसापुरती बदलता येते का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. ती आपल्या मनाने बंद करू नये. वर उल्लेख केलेल्या आजोबांची वेळ पुढच्या वर्षी आम्ही बदलून दिली आणि घरी रोज वजन पाहण्यास सांगितले. ते यात्रेला गेले आणि आपल्या पायांनी परत आले.

मधुमेह असलेल्यांना धोका जेवण लांबण्याचा असतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी सकाळी घेतली आणि बक्षीस समारंभ तीन वाजेपर्यंत रेंगाळला, तर अंगाला दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. घरच्यांना वाटते, ऊन लागले किंवा आनंदाने भरून आले. शुद्ध असेल आणि गिळता येत असेल तर लगेच साखर द्यावी, मग चर्चा करावी. खिशात खडीसाखर किंवा गुळाचा खडा असावा. आणि शेणामातीत अनवाणी फिरणे नकोच. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात, आणि म्हाताऱ्या माणसांनी शेवटची लस कधी घेतली हे बहुधा कोणालाच आठवत नाही.

खो-खोच्या मैदानावरील एक आजी मला विसरता येत नाहीत. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला, तेव्हापासून आमच्या भागातील मुलींच्या घरीही या खेळाला जरा मान मिळू लागला आहे. या आजी नातीचा सामना पाहायला गेल्या. सगळ्या मुली एकाच रंगाच्या पोशाखात, आणि आजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नात बाद झाली त्या क्षणी त्यांनी मोठ्या उत्साहाने टाळ्या वाजवल्या. घरी सगळे हसले. नात तेवढी हसली नाही. चार वर्षे ‘आता या वयात कशाला?’ म्हणणाऱ्या आजी दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर येऊन बसल्या आणि शस्त्रक्रिया कोठे करावी, एवढेच त्यांनी विचारले.

काही वेळा ‘नको’ म्हणावेच लागते. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असेल, बसल्याजागी दम लागत असेल, ताप असेल, तर दोन तासांच्या आनंदासाठी जीव धोक्यात घालू नये. गेल्या चैत्रात मी अशाच एका आजोबांना नको म्हटले. ते काही बोलले नाहीत, नुसते भिंतीकडे वळले. यात्रेच्या पहाटे नातवाने खोंड सजवला आणि टेम्पोत चढवण्यापूर्वी ओसरीवर, आजोबांच्या बाजेपाशी आणून उभा केला. त्यांनी दात पाहिले, वशिंडावरून हात फिरवला, झूल डावीकडे ओघळली आहे ती सारखी करायला लावली. मग म्होरकी थोडी सैल करायला सांगितली, आणि टेम्पो निघाला.