गायरान पडून नाही, बापू

अंबाजोगाई,
संक्रांतीचा दुसरा दिवस

चि. बापू,

"गायरान नुसतं पडूनच आहे, सोलरला देऊन टाकू, तू फक्त ठरावाचा मसुदा लिहून दे," असं तू परवा फोनवर म्हणालास आणि मी "बघते" एवढंच बोलले. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पडून आहे? हे दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं. तू अण्णांचा नातू आहेस रे!

पाराचं कौतुक गावात सगळे करतात. पण त्या पारावर मी कधी बसले नाही, तुझी आजी बसली नाही, आणि मांगवाड्यातली माणसं तर खालीच उभी राहायची. गायरानात मात्र आम्ही साऱ्या आळ्यांच्या पोरी पाट्या घेऊन शेण वेचायला जायचो. हौसाबाईच्या लिंबाखाली भाकरी सुटायच्या. कुणाची सून नांदत नाही, कुणाच्या घरात दाणा नाही, हे गावाला चावडीच्या आधी तिथं कळायचं. बायकांची ग्रामसभा म्हणायची तर तीच.

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायचं काम गायरानाच्या कडेला निघालं, सुकडी तिथंच वाटली. २०१९ ला चारा छावणी उभी राहिली तीही तिथंच. तुझी बैलजोडी त्या छावणीत जगली, हे तरी विसरू नकोस. यात्रेतला कुस्त्यांचा फड, मेंढरं घेऊन येणाऱ्या धनगरांचा मुक्काम, डवरी-गोसाव्यांची पालं, दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांच्या गाड्या आणि आता पहाटे पोलीस भरतीसाठी धावणारी पोरं. प्रत्येकाची पाळी वेगळ्या महिन्यात येते, म्हणून तू भरदुपारी मोटारसायकलवरून जातोस तेव्हा तुला ते मोकळं दिसतं.

१९६६ च्या जमीन महसूल संहितेचं कलम २२ एकदा काढून वाच. गुरांची मोफत चराई, खळी, बाजार, स्मशान अशा कामांसाठी सरकारी जमीन राखून ठेवायची, असं त्यात आहे. सातबाऱ्यावर नाव सरकारचं असलं तरी वापर गावाचा. सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०११ ला जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं, हे तू मला ऐकवलंस. पण निकाल अर्धाच वाचलास. भूमिहीन मजुरांना, अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना दिलेल्या जमिनींचा अपवाद त्याच निकालात आहे.

मला खरी धास्ती तिथलीच वाटते. ओढ्याच्या अंगाला जी आठ-दहा घरं पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी-तूर पेरतात, त्यांना तू "अतिक्रमणवाले" म्हणालास. दादासाहेब गायकवाडांनी १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह केला तो अशाच जमिनींसाठी. आपल्या जिल्ह्यात एकनाथ आवाडांनी मानवी हक्क अभियानातून गायरानासाठी आयुष्य घातलं. १४ एप्रिल १९९० पर्यंतच्या गायरानधारकांसाठी शासनाचा निर्णयही आहे. त्या घरांचे पीकपेऱ्याचे, दंडाच्या पावत्यांचे कागद जमवून दे. सरपंच म्हणून तुझं काम ते आहे.

विजेला माझा विरोध नाही. दिवसा वीज मिळाली तर रात्री विंचू-काट्यात पाणी धरायला जाणं टळेल, हे मलाही कळतं. पंचायतीला तीन वर्षं पाच-पाच लाख मिळतील म्हणतोस, मिळू देत. खडकाळ माळाचा एक तुकडा द्या, पण चराई, पेरलेली रानं आणि पाणवठ्याची वाट सोडून.

आणि हा ठराव २६ जानेवारीच्या ग्रामसभेत? बापू, तेव्हा निम्मं गाव कोयते घेऊन कारखान्यांच्या फडावर असतं! ज्यांच्या शेळ्या त्या गायरानावर जगतात, ज्यांना दुसरं रानच नाही, तीच माणसं नेमकी त्या दिवशी गावात नसतात. त्यांच्या माघारी हात वर करून त्यांची जमीन द्यायची? कागदावर गणपूर्ती होईल, पण गाव कुठं असेल? वर्षाला चार ग्रामसभा असतात. १ मेची धर. टोळ्या परतलेल्या असतात, उचल फिटलेली असो वा नसो, माणसं घरी असतात. त्याआधी महिलांची सभा घे आणि ती शाळेत न घेता लिंबाखाली घे.

तू घाईचा आहेस, लहानपणापासून. चांगलं करायच्या घाईत माणसं दुखावतोस आणि मग रात्री मला फोन करतोस. या खेपेला आधी फोन केलास, म्हणून एवढं लिहिते.

मसुदा मी लिहीन. आधी मोजणीचा नकाशा, पेरणाऱ्या घरांची यादी आणि १ मेच्या सभेची नोटीस, एवढं पाठव. ते आल्याशिवाय माझ्या हातून एक ओळ व्हायची नाही. वहिनीला गुडघ्याचं दाखवून आण, चालढकल करू नकोस.

तुझी,
आत्या