पाहुण्यांसाठी पाणी

मासे पाळणाऱ्या माणसाकडे लोक जरा कीव केल्यासारखे पाहतात. कुत्रा निदान शेपूट हलवतो, पोपट नाव घेतो, मांजर दुधाच्या वेळी तरी पायांत घोटाळते. मासा काय करतो? तोंड उघडतो आणि मिटतो. पण हे तर सभेतले अध्यक्षही करतात! निवृत्त झाल्यावर मी मासेच पाळायचे ठरवले, आणि तेही साधेसुधे नव्हेत, डिस्कस.

डिस्कस हा अमेझॉनच्या खोऱ्यातला, थाळीसारखा वाटोळा आणि चपटा मासा. हेकेल या ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञाने १८४० साली त्याला शास्त्रीय नाव दिले. संथ, कोमट पाण्यात, बुडालेल्या फांद्यांआड त्याचा मुक्काम. एकटा ठेवला तर बुजून राहतो, म्हणून पाच-सहा तरी एकत्र ठेवावे लागतात.

इतर छंदांत माणूस आधी वस्तू आणतो आणि मग तिच्यासाठी जागा शोधतो. इथे सारे उलटे. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच पेटी म्हणजे सुमारे ३४० लिटर पाणी. काच, वाळू, दगड धरून वजन ४०० किलोंच्या पुढे. एवढा भार पेलणारी जागा घरात एकच होती, आणि तिथे आमच्या मुलीचे अभ्यासाचे टेबल होते. मुलगी नोकरीसाठी जर्मनीला जाऊन वर्ष झाले होते. पेन्सिलींचा डबा, फूटपट्टी, जुने कॅलेंडर, सगळे जसेच्या तसे होते.

"टेबल हलायचे नाही," सौ. म्हणाली. मी वाद घातला नाही. दोन आठवड्यांनी तिनेच डबा उचलून कपाटात ठेवला आणि टेबलाचे एक टोक धरले.

मग पाणी. ज्यात डाळ लवकर शिजत नाही ते पाणी जड, हे आपल्या बायकांना रसायनशास्त्र न शिकताच ठाऊक असते. डिस्कसला हलके, किंचित आम्ल पाणी मानवते. आमच्याकडे बोअरचे आणि नळाचे अशी दोन्ही पाणी येतात. डाळीची साक्ष काढून सौ.ने नळाच्या बाजूने निकाल दिला. ते पिंपात भरून रात्रभर ठेवले की क्लोरीन उडून जातो.

पेटी भरली तरी मासे सोडता येत नाहीत. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचे नायट्रेट. पहिले दोन्ही पदार्थ माशांना विष. तिसरा बराच सौम्य, शिवाय वनस्पतींचे खत. हे जिवाणू गाळणीत वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मोजून थेंब थेंब अमोनिया पाण्यात घालायचा आणि वाट पाहायची. रोज रिकाम्या पेटीसमोर बसलेला मला पाहून शेजारचे काका एकदा म्हणाले, "मासे फार लाजाळू दिसतात हो तुमचे!"

वनस्पतींची कथा वेगळीच. डिस्कसला २८ ते ३० अंशांची ऊब हवी, आणि बहुतेक पाणवनस्पती २५च्या आसपास सुखी. एकाला शाल हवी आणि दुसऱ्याला पंखा. असा संसार मला परका नव्हता. अशा वेळी ऊन सोसणारे सोबती निवडायचे: अमेझॉन सोर्ड, जावा फर्न, आफ्रिकेतला अनुबियस आणि क्रिप्टोकोराइन. या शेवटच्या कुळातली एक जात आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतही उगवते, बरे का! फर्न आणि अनुबियस यांचे आडवे खोड वाळूत पुरले तर कुजते. ते लाकडाला बांधावे लागते. सौ.ने ते गजऱ्याच्या दोऱ्याने बांधले आणि दोऱ्याची गाठ मला दिसू दिली नाही.

अखेर पाच डिस्कस आले. दोन दिवस लाकडाआड काळवंडून उभे राहिले, तिसऱ्या दिवशी खाऊ लागले. काही महिन्यांनी त्यांतल्या दोघांनी जोडी जमवून लाकडावर अंडी घातली. ती बाकीच्या तिघांनी रातोरात फस्त केली. सौ. दिवसभर गप्प होती.

संध्याकाळी मी तिला वाचलेले सांगितले. डिस्कसची पिल्ले आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव टिपून जगतात. आई आणि बाप दोघेही त्यांना अंगावर पोसतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की पहिले दोन आठवडे आईबाप जागचे हलत नाहीत. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र ते पिल्लांपासून दूर पोहू लागतात, आणि चौथ्या आठवड्यापर्यंत पिल्ले बहुतेक आपले अन्न आपण शोधू लागतात.

"चौथ्या आठवड्यात?" ती म्हणाली. "अहो, आपल्याला सव्वीस वर्षे लागली."

त्या रविवारी मुलीचा फोन यायला उशीर झाला. एरवी सौ. तो येईपर्यंत खिडकीपाशी बसते. त्या दिवशी ती माझ्याबरोबर पेटीचे पाणी बदलत होती, आणि फोन वाजला तेव्हा म्हणाली, "तुम्ही घ्या. माझ्या हातात बादली आहे."