मस्टरवरचं नाव आणि राहण्याचा पत्ता

हयातीचे दाखले द्यायच्या दिवसांत मालवण तालुक्यातल्या कुठल्याही बँकेत गेलं की बाकावर बसलेल्या निवृत्त माणसांच्या मांडीवर एकाच प्रकारची पिशवी दिसते. आत प्रॉव्हिडंट फंडाची जुनी चिठ्ठी, गिरणीचं तिकीट किंवा कंपनीचं ओळखपत्र, मुंबईच्या रेशनकार्डातून नाव कमी केल्याचा दाखला, पेन्शनचं पासबुक आणि सगळ्यात खाली घडीवर फाटत आलेला सातबारा. यंत्रावर अंगठा ठेवला की यंत्र नाही म्हणतं, कारण आयुष्यभर साचा चालवून झिजलेल्या बोटांवर रेषाच उरलेल्या नसतात. अंगठा धोतराला पुसून पुन्हा ठेवला जातो. 2021 पासून चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाली आणि हा त्रास कमी झाला, हे मान्य करायला हवं. पिशवी मात्र हलकी झालेली नाही. या किनाऱ्यावर राहून ती पिशवी मी इतकी वर्षं पाहतो आहे, आणि माझं मत पक्कं होत गेलं आहे ते असं की निवृत्त कामगाराचे हक्क त्याच्या पत्त्याला बांधणं हीच मूळ चूक आहे. ते त्याने केलेल्या कामाला बांधले पाहिजेत.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. भारताच्या नागरिकाला कुठेही राहायची मोकळीक आहे, संविधानाच्या 19व्या कलमातच ती आहे, मग मुंबईहून मालवणला यायला कोण अडवतं? कुणीच नाही. प्रश्न येण्याचा नाही, सोबत काय येतं याचा आहे. आमचा चाकरमानी निवृत्तीनंतर एका जागी राहतच नाही. चवथीला, शिमग्याला तो गावात असतो, पावसाळ्यात कौलं आणि परडं सांभाळतो, आणि ऑपरेशन असलं किंवा सुनेचं बाळंतपण आलं की महिनोन्‌महिने मुंबईत असतो. कायदा मात्र विचारतो, तू इथला की तिथला? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे भाड्याची खोली रास्त कारणाशिवाय सलग सहा महिने वापरली नाही तर मालक ती परत मागायला कोर्टात जाऊ शकतो. म्हणजे लालबाग-परळच्या चाळीत चाळीस वर्षं काढलेला माणूस सात महिने गावाला राहिला की खोलीचा दावा लढायच्या तयारीत असावा लागतो. म्हणून खोली उघडी ठेवायला घरातलं कुणीतरी तिथे मागे राहतं, आणि उतारवयात नवरा-बायको दोन गावांत विभागली जातात. उलट गावाकडे, 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार, केवळ घर मालकीचं आहे म्हणून माणूस त्या मतदारसंघातला रहिवासी ठरत नाही. मतदानापुरता हा नियम योग्यच आहे, मत एकाच जागी असावं. पण दोन्ही नियम शेजारी ठेवून पाहा. गैरहजेरीने तिथला हक्क डळमळतो, आणि वाडवडिलांचं घर असूनही इथला आपोआप मिळत नाही.

हे असंच असायला हवं असं नाही. युरोपीय संघाने वेगवेगळ्या देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या कामगारांसाठी याचं उत्तर शोधलेलं आहे. 2004 च्या निर्देशानुसार दुसऱ्या सदस्य देशात पाच वर्षं कायदेशीर राहिलं की कायमच्या वास्तव्याचा हक्क मिळतो. तिथेच काम करून पेन्शनच्या वयाला आलेल्या कामगाराला तर त्याआधीच मिळतो, तीन वर्षांहून जास्त सलग वास्तव्य आणि शेवटचे बारा महिने काम, एवढं पुरतं. आणि एकदा मिळालेला तो हक्क सलग दोन वर्षांहून अधिक काळ गैरहजर राहिल्याशिवाय जात नाही. परक्या देशाच्या नागरिकाला दोन वर्षं, आणि आपल्याच राज्यातल्या भाडेकरूला सहा महिने! एक हक्क देशात राहण्याचा आणि दुसरा खोलीचा, हे मला ठाऊक आहे, पण म्हातारा माणूस किती काळ दूर राहिला म्हणजे त्याने जागा सोडली असं समजायचं, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. त्याहून मोलाची गोष्ट उपचारांची. एका देशाची पेन्शन घेणारा दुसऱ्या देशात राहायला गेला की पेन्शन देणारा देश त्याला एस-1 नावाचा फॉर्म देतो. उपचार राहत्या गावात होतात, खर्च पेन्शन देणारा देश सोसतो.

तिथेही सगळं मोकळं नाही. काम न करता, केवळ निवृत्तीनंतर नव्या देशात जाणाऱ्याला पुरेसं उत्पन्न आणि आरोग्यविमा दाखवावा लागतो, त्यामुळे गरीब पेन्शनरची वाट तिथेही अरुंदच आहे. श्रीमंत देशांची चैन आपल्याला कशी परवडणार, असंही कुणी म्हणेल. पण उपचाराचा खर्च माणूस कुठेही राहिला तरी कुणीतरी करतोच. तो कुणी करायचा हे आधी ठरवून ठेवणं ही चैन नव्हे. आपण ते ठरवलं नाही की काय होतं ते सिंधुदुर्गाने अनुभवलं आहे. जिल्ह्यातले गंभीर रुग्ण वर्षानुवर्षं बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात जात आले. जानेवारी 2018 पासून गोव्याने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं, आणि दोडामार्गात लोक रस्त्यावर उतरले. गोव्याची बाजू अन्यायाची होती असं मला वाटत नाही, त्यांच्या करातून चालणारं रुग्णालय ते. चूक होती ती हिशेब न जोडण्याची. पत्रादेवीच्या नाक्यावर आजारी माणसाला थांबवून सोडवायचा हा प्रश्न नव्हता, दोन सरकारांनी कागदावर मिटवायचा होता. निवृत्त कामगारालाही हेच लागू पडतं. कामगार विमा योजनेत पाच वर्षं काढून निवृत्त झालेल्याला वर्षाला 120 रुपयांत स्वतःचे आणि जोडीदाराचे उपचार मिळतात, इतकी चांगली तरतूद आहे. पण ज्याचं रुग्णालय परळला आणि घर आचऱ्याला, त्याला छातीत कळ आल्यावर त्या 120 रुपयांचा काय उपयोग?

कामाला हक्क बांधणं आपल्याला जमत नाही, असं कुणी म्हणू नये, कारण आपण ते एकदा केलेलं आहे. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार उतरले, आणि त्यांतले हजारो जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गावांत कायमचे परतले. पुढे गिरण्यांच्या जमिनीवरच्या घरांसाठी पात्रता ठरवताना तू आज कुठे राहतोस हे विचारलं गेलं नाही. 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर तू गिरणीच्या पटावर होतास का, एवढंच विचारलं गेलं. मालवणात खळ्यात बसलेला साचेवाला आणि परळच्या चाळीत राहणारा साचेवाला एका रांगेत आले. घरं फार थोडी निघाली, म्हाडाच्या 2012 च्या पहिल्या सोडतीत 6,925, आणि नंतरची काही पनवेलजवळ कोनला, हे दुखणं वेगळं आणि मोठं आहे. पण पात्रतेचं तत्त्व बरोबर होतं. दुसरा दाखला अगदी ताजा. 1 जानेवारी 2025 पासून भविष्य निर्वाह निधीची पेन्शन देशातल्या कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेत घेता येते, बदलीचे कागद फिरवावे लागत नाहीत. पेन्शन चालत आली, मग उपचार का येऊ नयेत?

घरमालकांचा आक्षेप मला खरा वाटतो. मुंबईत डोकं टेकायला जागा नाही आणि खोल्या कुलपात, हे बरं नव्हे. म्हणून कायमची सूट कुणी मागू नये. साठी ओलांडलेल्या भाडेकरूने लेखी कळवून गावी जावं आणि दोन वर्षांपर्यंत ते रास्त कारण धरलं जावं, इतकं पुरे. गावाकडूनही कुरकुर असते, उमेदीची वर्षं मुंबईला दिली आणि आता आमच्या दवाखान्यात गर्दी. पण या गावांतली शाळा, देवळं, चिऱ्याची घरं ज्या मनीऑर्डरींवर उभी राहिली त्या याच लोकांनी पाठवल्या होत्या. दुहेरी लाभ घेतील ही भीती तर एकच क्रमांक सगळीकडे चालू लागल्यावर उरत नाही, रेशनच्या बाबतीत ते झालेलंच आहे.

कामगार विम्याच्या निवृत्त सभासदाला राहत्या जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयात उपचार मिळावेत आणि बिल महामंडळाने भरावं, एवढा एक निर्णय झाला तरी ओरोसच्या रुग्णालयाच्या दारात पुष्कळ फरक पडेल. किमान 1,000 रुपयांची पेन्शन, जी 2014 पासून तेवढीच आहे, तिच्यातून गोव्याला किंवा मुंबईला जायचं भाडं निघत नाही. संपाच्या वेळी विशीत असलेला बदली कामगार आज साठीच्या पलीकडे आहे, आणि तेव्हा जो चाळिशीत होता त्याने ऐंशी ओलांडली आहे.