खडखड
आमच्या मोटारीस यंदा १५ वर्षे पुरी झाली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तपासणी आली. मागच्या एका शॉक अब्सॉर्बरमधून तेल झिरपत होते, पुढचे रबरी बुश झिजले होते. निरीक्षकांनी गाडी परत पाठविली.

“वकीलबाब, गाडी न दाखवताही कागद होईल,” एक दलाल पुटपुटला. क्षणभर आमचे मन डळमळले, हे कबूल केले पाहिजे. परंतु स्प्रिंगची उसळी आवरली नाही तर चाकाची रस्त्यावरील पकड सुटते, ब्रेक लावूनही गाडी वेळेवर थांबत नाही. आणि त्याच गाडीतून दर सोमवारी आम्ही वृद्ध मातोश्रींना मंगेशीला नेतो.

मागचे दोन्ही शॉक व बुश बदलले. गाडी उत्तीर्ण झाली. खडखड वर्षभर ऐकू येत होती. आम्ही मात्र रस्त्यालाच दोष देत होतो.